फोनो हवा कीं कर्णा?

गेलीं पंधरासोळा वर्षें आम्हांस जुन्या ग्रामोफोनांचें वेड आहे, आणि तें आतां चारचौघांत माहीत झाल्यामुळें महिन्याकांठीं एखाददुसरा गृहस्थ तरी आमच्याकडे सल्ला विचारावयास येतो. प्रश्न ठरलेले. बाजारांत पाहिलेला फोनो घ्यावा काय? घरांत पडलेला दुरुस्त करावा काय? आणि विकलाच तर त्याचे काय येतील? वैद्यापुढें नाडी धरावी तशा मुद्रेनें ही मंडळी बसतात खरी, पण बहुतेकांचा निकाल घरींच लागलेला असतो. आमच्याकडून केवळ होकार हवा असतो. तो आम्ही सहसा देत नाहीं, म्हणून दुसऱ्यांदा येणारे थोडे.

विकत घेऊं पाहणारांपैकीं बहुतेकांस फोनो नकोच असतो. त्यांस हवा असतो कर्णा. पितळेचा, लखलखीत, दिवाणखान्यांत पाऊल टाकतांच पाहुण्याच्या डोळ्यांत भरणारा. यांत त्यांस फारसा दोष देतां येत नाहीं. फ्रान्सिस बॅरो या चित्रकाराचा तो कुत्रा कर्ण्यासमोर मान कलती करून बसला, तेव्हांपासून फोनो म्हटला कीं कर्णाच डोळ्यांपुढें उभा राहतो. गंमत अशी कीं, त्या चित्रांत मुळांत कुत्र्यापुढें नळकांड्याचें यंत्र होतें. १८९९ सालीं कंपनीनें चित्र घेतलें तें या अटीवर कीं, जुनें यंत्र पुसून तेथें पितळी कर्ण्याचें तबकडीचें यंत्र रंगवावें. म्हणजे जुन्या फोनोवर नवा कर्णा चढविण्याची चाल थेट त्या चित्रापासूनच पडली म्हणावयाची!

आमच्याकडील मध्यम स्थितींतल्या घरांतून जो फोनो नांदला, त्यास मात्र पुष्कळदां कर्णा दिसतच नसे. एचएमव्हीचा १०२ क्रमांकाचा फोनो १९३१ सालीं निघाला. प्रवासी बॅगेएवढी पेटी, कर्णा तिच्या पोटांत दडविलेला, आणि बाजूस किल्ली. हातांत धरून शेजारच्या वाड्यांत बारशास नेतां यावा असा तो होता, व तसा नेलाहि जाई. अशा पेटीकडे आजचा गिऱ्हाईक ढुंकून पाहत नाहीं. मग जुन्या मालाचा व्यापारी काय करतो? पेटी फोडून आंतलें चक्र बाहेर काढतो, तें नव्या अष्टकोनी खोक्यांत बसवितो, वर पितळेच्या पत्र्याचा कर्णा ठोकतो आणि पुढें कुत्र्याची चकती लावतो. मुंबईच्या चोर बाजारांत मटन स्ट्रीटनें चालत गेल्यास असे 'जुने' फोनो ओळीनें मांडलेले दिसतील. ओळखण्यास फार विद्या लागत नाहीं. खऱ्या यंत्रांत पिनेपासून कर्ण्यापर्यंत आवाज नेणारी जी वांकडी नळी असते, ती पिनेकडे अरुंद आणि पुढें क्रमानें रुंद होत जाते, कारण ती कर्ण्याचाच पहिला भाग होय. खोट्यांत ती न्हाणीघरांतील नळासारखी सर्वत्र सारखी. शिवाय खऱ्या कर्ण्यांत रंगविलेल्या पत्र्याचेहि पुष्कळ असत. खोटा हटकून पातळ पितळेचा, व कुत्रा इतका चकचकीत कीं कालच व्यालेल्या कुत्रीचा वाटावा.

खोटा माल गिऱ्हाइकाच्या गळ्यांत पडतो याचें आम्हांस तितकें वाईट वाटत नाहीं. हौसेला मोल असतेंच. वाईट वाटतें तें याचें कीं, असा एकेक कर्णा उभा करण्यासाठीं एकेक धडधाकट पेटी मारली जाते. म्हणून घ्यावयाचाच तर ती पेटी घ्यावी, असें आम्ही सांगतों. तेव्हां समोरच्या गृहस्थाचा चेहरा पडतो.

दुरुस्तीचा प्रश्न अधिक अवघड, कारण तेथें हिशेब जमतच नाहीं. दुरुस्तीस जितकें लागतें तितकें पुष्कळदां विकूनहि येत नाहीं. गेल्या वर्षीं आमच्या एका स्नेह्यांचा वाडा पाडावयाचा ठरला आणि माळ्यावरून १०२ची पेटी निघाली. दुकानदारानें बऱ्यापैकीं रक्कम बोलून ठेविली होती. ती पेटीची नसून आंतल्या चक्राची होती हें सांगणें नकोच. नव्या जागेंत दोन खोल्या. चिरंजीवांचें मन विकण्याकडे झुकलेलें. त्यांच्या मातोश्री, ज्यांस आम्ही काकू म्हणतों, सत्त्याऐंशी वर्षांच्या. त्यांनीं एवढेंच विचारलें, "वाजेल का हो तो?"

किल्ली फिरविली तों ती नुसतीच गरगर फिरे. कमान तुटली होती. डबींतलें जुनें वंगण वाळून डांबरासारखें झालें होतें आणि साउंडबॉक्समधील रबरी कडीं दगडासारखीं कडक. नशीब एवढेंच कीं, कमान बाहेरच्या टोंकाशीं दोन बोटांवर तुटली होती. तेवढा तुकडा कापून, टोंक लाल करून नरम करावें व नवें भोक पाडावें, म्हणजे दोनचार फेरे कमी होऊन कमान पुन्हां कामास येते. (ज्यांस हें घरीं करावयाची इच्छा होईल त्यांनीं तसें करूं नये. गुंडाळलेली कमान हातांतून सुटली तर बोटें घेऊन जाते.) रॉकेलनें धुणें, ग्राफाइटचें वंगण, नवें रबर, यांत दोन संध्याकाळी गेल्या. पेटीचें कापड झिजलें होतें, पितळ काळवंडलें होतें. तें आम्हीं तसेंच ठेविलें.

तिसऱ्या दिवशीं हिराबाई बडोदेकरांची एक तबकडी लावली. काकू आंत मेथी निवडीत होत्या. दोन ओळी झाल्या असतील नसतील, त्या हात पुशीत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पट्टी चढलीय. हे इतक्या वर नव्हते लावीत." मग वांकून, वेग कमीजास्त करण्याचा जो कांटा असतो त्यावर बोट ठेवून तो त्यांनीं केसभर मागें घेतला, कान दिला, आणखी केसभर घेतला, आणि तेथेंच बसल्या. मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे हा शिरस्ता. आम्हीं मागाहून मोजले तों शहात्तर भरले. काकांस जाऊन तीस वर्षें झालीं. तो कांटा आम्हीं पुन्हां हलविला नाहीं. चिरंजीवांनीं दुकानदारास काय निरोप दिला तें विचारलें नाहीं. पेटी नव्या जागेंत गेली.

काकूंस आम्हीं एक पथ्य मात्र सांगितलें आहे. तबकडी लाखेची, आणि लाखेंत दगडाची बारीक पूड घातलेली; त्या पुडीवर घासून पिनेचें टोंक खांचेबरहुकूम व्हावें अशी ती योजना. म्हणून प्रत्येक बाजूस नवी पिन, हा नियम. जुन्या पिनेची काटकसर केली कीं खांच कुरतडली जाते. नव्या पिनेनेंहि झीज थांबत नाहीं, कारण साउंडबॉक्सचें शंभर ग्रॅमांहून अधिक ओझें त्या एका टोंकावर असतें. यंत्र बिघडलें तर तसेंच दुसरें मिळूं शकतें. गाणें आहे तें तबकडींत. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें घेतलें गेलें, त्या काळीं तबकड्या जर्मनींत हानोव्हर येथें छापून येत, आणि तेथील कारागिरांस ओळख पटावी म्हणून गायिका शेवटीं आपलें नांव मोठ्यानें सांगे. अशी तबकडी कोणाजवळ असेल तर त्यानें ती आधीं एकदां संगणकावर उतरवून घ्यावी, व मग फोनोवर लावण्याचा विचार करावा. काकूंच्या बारा तबकड्या नातवानें उतरविल्या आहेत. त्या स्वतः रविवारीं एकच बाजू ऐकतात.

राहिली विक्री. घरांत जागा उरली नाहीं म्हणून परवां आम्हींहि दोन यंत्रें काढलीं. एक १०२, सर्व भाग मूळचे. दुसरा कर्ण्याचा फोनो, पेटी व नळी खरी पण कर्णा व कमान नवी. १०२ साठीं एक तरुण शिक्षक आले. तासभर बसून त्यांनीं तीन तबकड्या ऐकल्या आणि बोलले ती रक्कम दुकानदाराच्या मानानें उणीच होती. त्यांस तो दिला. कर्ण्याचा फोनो एका हॉटेलाच्या मालकांनीं पसंत केला. वाजतो कीं नाहीं हें त्यांनीं विचारलेंहि नाहीं. शोभेस तो योग्यच होता, म्हणून आम्हांसहि अडचण वाटली नाहीं. मात्र कोणता भाग जुना व कोणता नवा याची यादी आम्हीं त्यांच्या हातांत ठेविली. त्यांनीं ती वाचली, "अहो, हें लिहून कशाला देतां, विचारणार कोण?" म्हणाले, आणि लगोलग कर्णा नवा म्हणून पांचशें रुपये कमी करून मागितले. ते आम्हीं कमी केले. यादी मात्र परत घेतली, पेटी उघडून चक्राच्या फळीस खालच्या अंगानें डिंकानें चिकटविली, आणि ती वाळेपर्यंत त्यांस चहा दिला.