माथेरानची चैत्रवाट

माथेरानला पावसाळ्यात गर्दी होते. पण सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या वाचकांना मी फाल्गुन-चैत्र सुचवीन. वाटेवर शेवाळ नसते आणि रान फुलोऱ्यावर आलेले असते. सुमारे ८०० मीटरची ही उंची श्वासाला त्रासदायक नाही. मोटारींना मज्जाव असल्यामुळे मागून येणाऱ्या भोंग्याने दचकावेही लागत नाही. मोटार दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते. तिथून बाजारपेठेपर्यंतची सुमारे अडीच किलोमीटरची चाल टाळून अमन लॉज स्थानकावरून छोट्या गाडीने जावे आणि पायांतले बळ रानासाठी राखून ठेवावे.

शार्लट तलावाकडे जाणारी सावलीची वाट धरा. या दिवसांत अंजनी फुललेली असते. तिची निळी-जांभळी बारीक फुले शेंड्यावर न येता थेट फांदीलाच गुच्छांनी बिलगतात. मान वर करून ती न्याहाळण्याचा मोह आवरा. उतारवयात मान फार वेळ मागे टाकली की अनेकांना गरगरते. शिवाय अंजनीची फुले लाल मातीवर पुष्कळ सांडलेली असतात. पडण्याच्या धास्तीने जमिनीकडेच पाहत चालणाऱ्याला ती सर्वांआधी दिसतात. चष्मा दुहेरी भिंगांचा असेल, तर हनुवटी खाली घेऊन वरच्या भागातून वाट पाहावी. खालच्या भागातून पायरी धूसर दिसते.

नेच्यांचा खरा काळ पावसाळ्याचा, हे मान्य. तरी जुन्या झाडांच्या खोडांवर बाशिंग शोधा. उन्हाळ्याच्या तोंडी त्याची हिरवी पाने गळतात आणि बुडाशी वाळक्या तपकिरी पानांची परडी उरते. ती पाने मेलेली वाटतात. पण त्यांत साठलेल्या पालापाचोळ्यावरच हे नेचे पुढच्या पावसात पुन्हा हिरवे होते.

पक्ष्यांसाठी मात्र बसावे. शिंजिराचा बारीक सूर आजोबांना ऐकू आला नाही, तर नातवंडांनी हसू नये. वयाबरोबर आधी उंच पट्टीचेच आवाज हरवतात. तांबटाची ठोक्यासारखी ‘टुक टुक’ आणि कुटुर्ग्याची लांबलचक हाक यांना सहसा ती अडचण येत नाही. तांबट बोलताना मान फिरवतो, त्यामुळे आवाजाची दिशा तरुण कानांनाही चकवते. शेंदरी-लाल गालांचा शिपाई बुलबुल जवळच्या झुडपावर येतो, त्याला दुर्बीण लागत नाही. बसून झाल्यावर चटकन उठू नका. पाऊल टाकण्यापूर्वी आधाराला धरून दहा अंक मोजा, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर.

सोबत येणाऱ्यांशी थोडे बोलायचे आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षभर उंबरठा न ओलांडलेल्या एक आजी माझ्याकडे येत. हाड उत्तम जुळले होते. भीती तेवढी राहिली होती. घरचे त्यांचा दंड घट्ट धरून चालवत, त्यामुळे त्यांचा तोल अधिकच जाई. भीतीने चालणे थांबते, चालणे थांबले की मांडीचे स्नायू रोडावतात आणि मग पडण्याचा धोका खरोखरच वाढतो. म्हणून वृद्धाला ओढू नका. आपले कोपर पुढे करा आणि त्यांना ते धरू द्या. वेग त्यांचा असू द्या. चालताना सलग वाक्य बोलता येत नसेल, तर थांबायची वेळ झाली आहे. त्या आजी पहिल्या दिवशी जेमतेम दोनशे पावले चालल्या आणि नंतर बराच वेळ बाकावर बसून राहिल्या. लेकीला न दिसलेला हळद्या त्यांनीच तिला दाखवला.

सकाळी लवकर निघा, ऊन तापण्यापूर्वी परता. पाणी हाताशी ठेवा. लाल धूळ उडते, म्हणून दमेकऱ्यांनी फवाऱ्याचे औषध खिशातच ठेवावे. औषधांची पिशवी हातात लोंबकळू देऊ नका. तिथली माकडे खाऊ आणि गोळ्या यांत भेद करीत नाहीत, आणि मोटार नसलेल्या गावात औषधे पुन्हा मिळवायला वेळ लागतो.