मोत्याची गाठ

कोकणातल्या मुसलमानाच्या दारी कुत्रा असतो, पण तो घरातला नसतो. आंब्याच्या वाडीची राखण करायची, वांदरांना हुसकावायचं, रात्री पावलं वाजली की भुंकायचं. शेतीसाठी आणि राखणीसाठी कुत्रा पाळायची मुभा हदीसमध्ये आहे, म्हणून आमचा मोत्याही उंबऱ्याबाहेरच वाढला. आम्ही शाफई. कुत्र्यानं भांड्याला तोंड लावलं तर ते सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीनं. साहजिकच त्याच्या अंगावरून हात फिरवायची सवय घरात कुणालाच नाही.

पावसाळा सरला आणि मोत्याच्या खांद्यावर सुपारीएवढी गाठ दिसली. सल्ले लगेच आले. कुणी म्हणालं चुना लाव, कुणी म्हणालं दाभणानं फोड. शेजारचे चाचा म्हणाले, "कुत्र्यापायी कसला खर्च करतोस? शिवाय हात लावणार, मग नमाजचं काय?"

मी त्याला गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी केस बाजूला करून पाहिलं. रक्त पिऊन फुगलेली गोचीडही गाठीसारखीच दिसते. पण तिला कातडीजवळ पाय असतात. गरम आणि दुखरी गाठ बहुधा पुवाची. मऊ, कातडीखाली सरकणारी गाठ म्हाताऱ्या कुत्र्यात पुष्कळदा चरबीची असते. "पण नुसता हात लावून कुणालाच खात्री देता येत नाही," डॉक्टर म्हणाले. काही कर्करोगाच्या गाठीही अशाच मऊ लागतात, कधी फुगतात, कधी ओसरतात. म्हणून बारीक सुईनं थोड्या पेशी काढून काचपट्टीवर घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. काम काही मिनिटांचं. बहुतेक वेळा भूलही लागत नाही.

त्यांनी सांगितलेलं लक्षात ठेवण्यासारखं आहे. गाठ एक सेंटिमीटरहून मोठी असेल, महिनाभर टिकली, वाढू लागली किंवा रक्त येऊ लागलं, तर थांबू नये. पिळू नये, डागू नये. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नयेत. त्या कुत्र्याला विषासारख्या ठरू शकतात. कुत्रीच्या सडांजवळची गाठ तर लगेच दाखवावी. मोकाट कुत्र्यांच्या जननेंद्रियावर येणारी, संगातून पसरणारी गाठ कर्करोगाचीच असते, पण दर आठवड्याच्या इंजेक्शनांनी ती बहुधा पूर्ण बरी होते.

राहिला चाचांचा सवाल. आमच्या मजहबमध्येही कोरडा हात कोरड्या केसांना लागला तर नापाकी लागत नाही. ओल असेल तर धुवायचं. हनफींच्या घरी याहून सवलत आहे, मालिकींच्या घरी आणखी. सात वेळा धुण्याचा हुकूम पाकीचा आहे, तिरस्काराचा नाही. तहानेल्या कुत्र्याला आपल्या जोड्यातून पाणी पाजणाऱ्या बदनाम बाईला अल्लाहनं बक्षल्याची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. गुहेच्या तोंडाशी पाय पसरून बसलेल्या कुत्र्याचा जिक्र तर सूरे कहफमध्येच आहे. हात कसा धुवावा हे शरीयत सांगते. हात पुढे करू नये असं ती कुठे सांगते?

मोत्याची गाठ चरबीची निघाली. कापायची गरज नाही, नजर ठेवा, एवढंच सांगितलं. आता महिन्यातून एकदा माझा मुलगा त्याचं अंग चाचपतो, गाठ दोऱ्यानं मोजतो, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. मग विहिरीवर जाऊन मातीनं हात धुतो आणि असरच्या नमाजला निघतो.