अण्णा, ती दुसरीकडं जाणार नाहीत

तीर्थरूप अण्णांस,


परवा फोनवर तुम्ही सहज म्हणालात, "चिंच काढून टाकू या. वाघळं काय, जातील दुसरीकडं. ओढ्याला झाडं का कमी आहेत?" तुमच्याशी फोनवर वाद घालायची रीत आपल्या घरात नाही, म्हणून गप्प बसले. पण हे 'दुसरीकडं' म्हणजे नेमकं कुठं, याचा हिशेब कागदावर मांडावा म्हणून हे पत्र. तुमच्यासारखाच विचार करणारे अकलूजच्या पंचक्रोशीत बरेच निघतील, त्यामुळं पत्र उघडंच ठेवलंय. पारावर वाचून दाखवलंत तरी चालेल.

लोकांना वाटतं, वाघूळ दिसेल त्या फांदीला उलटं लटकतं. तसं नसतं. आपल्या चिंचेवर आहेत ती मोठी, फळं खाणारी वाघळं. पंख पसरले की चार फुटांच्या वर भरतात, आणि अंगानं किलोच्या पुढं जातात. एवढं धूड जमिनीवरून सहजी उडू शकत नाही. आधी फांदी सोडायची, खाली पडायचं, आणि पडता पडता पंख उघडायचे, हीच त्याची उडायची पद्धत. म्हणजे झाड उंच पाहिजे, फांदी आडवी पाहिजे, आणि फांदीखाली मोकळी पोकळी पाहिजे. पहाटे परत आल्यावर धडकायला आडवंतिडवं काही नको. आता आपली चिंच आठवा. उसाची ट्रॉली जावी म्हणून खालच्या फांद्या तुम्हीच कधीतरी उतरवल्या. त्यांच्या दृष्टीनं तुम्ही घर साफ करून दिलंत.

आता ओढ्याकाठची बाकीची झाडं एकेक घ्या. बाभळी निम्म्याहून जास्त. त्यांचे काटे आणि वाघळाच्या पंखाचं पातळ कातडं यांचं जमत नाही. सुबाभूळ दाट आहे पण काडीसारखी. दहा-वीस वाघळं एका फांदीला लागली तर वाकेल. करंज बुटका. नारळाला फांदीच नाही. लिंब मोठे आहेत, पण ऐन शिमग्याच्या सुमारास पानं गाळून उघडे पडतात. राहिला विहिरीजवळचा वड. झाड म्हणाल तर नामी, पण त्याला लागून विजेच्या तारा गेल्यात. लहान पाखरू तारेवर बसतं आणि त्याला काही होत नाही, कारण ते एकाच तारेला शिवतं. वाघळाचा पंख एवढा लांब की दोन तारांना एकदम टेकतो. आपल्याकडं रस्त्यानं जाताना तारेवर काळी छत्री अडकल्यासारखं काहीतरी लोंबतं ना, ते हेच. तेव्हा तुमच्या त्या 'कमी नाहीत' झाडांपैकी कामाचं उरतं एक.

आणि हे नुसतं आकाराचं झालं. खरी निवड होते ती मे महिन्यात. वाघळाला आपल्यासारखा घाम येत नाही. ऊन वाढलं की ते पंखानं स्वतःला वारा घालतं, अंग चाटून ओलं करतं, धापा टाकतं, आणि तरी भागलं नाही तर वरच्या फांद्या सोडून सावलीत खाली सरकतं. बेचाळीस अंशांच्या पुढं पारा गेला की मोठी वाघळं मरायला लागतात. ऑस्ट्रेलियात जानेवारी 2014 च्या एका उष्म्याच्या लाटेत क्वीन्सलँडमध्ये हजारोंनी मेली. आपल्या सोलापूर जिल्ह्याला बेचाळीस अंश नवे नाहीत. म्हणून पाणी जवळ हवं. दिवस कलला की ती नीरेच्या पात्रावरून खाली येतात, पोट पाण्याला घासून वर उठतात आणि झाडावर जाऊन ओले केस चाटतात. पाणी पिण्याची ही त्यांची रीत. तुम्ही हे कितीदा पाहिलं असेल, पण 'मासे धरतात' असं आपल्याकडं सांगतात, ते काही खरं नाही.

चिंच इथंही वडापिंपळाच्या बरोबरीची ठरते. तिचं पान बारीक, पण दाट. चैत्रात नवी पालवी येते आणि उन्हाळाभर सावली टिकते. हे महत्त्वाचं अशासाठी, की त्याच दिवसांत माद्यांच्या पोटाशी पिलं असतात. मादीला वर्षाला एकच पिलू. फेब्रुवारीपासून मेपर्यंत कधीतरी ते जन्मतं, आणि सुरुवातीचे काही आठवडे आईच्या अंगाला चिकटूनच फिरतं. या दिवसांत झाडाला कुऱ्हाड लागली तर मोठी वाघळं उडतील. पिलं खाली पडतील आणि तिथंच राहतील. तुम्ही नेमकं 'मेमध्ये, उसाची कामं उरकल्यावर' म्हणालात म्हणून हे स्पष्ट लिहिते.

झाडावर कोण कुठं लटकतं याचाही नियम असतो. गेरहार्ड नॉयवायलर या जर्मन शास्त्रज्ञानं भारतातल्या एका वसाहतीचा अभ्यास करून 1969 मध्ये लिहून ठेवलंय, की नरांच्या जागा वरपासून खालपर्यंत मानाप्रमाणं ठरलेल्या असतात आणि जो तो आपली फांदी राखतो. पहाटे चिंचेवर जो गोंगाट उठतो, ज्यानं तुमची झोप मोडते, तो बराचसा याच भांडणाचा. बांधावरून आपल्याकडं होतात त्यापेक्षा ही भांडणं लवकर मिटतात, एवढं नक्की.

रानातली सगळीच वाघळं असं उघड्यावर राहत नाहीत. उत्तर अमेरिकेत 'इंडियाना' नावाचं एक छोटं वाघूळ आहे. त्याच्या माद्या पिलं वाढवायला मुद्दाम वाळलेलं, उन्हात उभं असलेलं झाड निवडतात, ज्याची साल सुटून ढलपी झालीय. त्या ढलपीखाली ऊब राहते. युरोपातली बेखश्टाइन वाघळं सुतारपक्ष्यानं कोरलेल्या ढोलीत राहतात आणि काही दिवसांनी ढोली बदलतात, म्हणून त्यांना एक नव्हे, अनेक ढोल्यांचं रान लागतं. तिकडचे वनाधिकारी वठलेलं झाड तोडू नका म्हणतात ते यासाठी. आपण मात्र वठलं की आधी सरपणाला पाहतो.

आणि लांब कशाला, शाळेच्या फाटकाजवळ जे उंच सरळ अशोक असतात, त्यांच्याखाली सकाळी चघळलेला चोथा आणि काळपट बिया पडलेल्या दिसतात. लोंबत्या पानांत डोकं घालून वर पाहिलं तर आत पोकळी दिसेल. ती आपोआप झालेली नसते. आखूड नाकाचं लहान फळवाघूळ, त्यातला नर, कित्येक आठवडे खपून आतली पानं आणि डहाळ्या दातांनी तोडतो आणि तंबू करतो. जागा पसंत पडली तर माद्या येतात. केळीच्या बागेत तर याहून नवल असू शकतं. नारिंगी आणि काळ्या पंखांचं एक चिमुकलं वाघूळ केळीच्या वाळून लोंबणाऱ्या पानाच्या गुंडाळीत झोपतं. ते वाळक्या पानासारखंच दिसतं, त्यामुळं कोयता चालवणाऱ्याला कळतही नाही. पुढच्या वेळी वाळली पानं काढायला गडी लावाल तेव्हा आधी पान हलवून बघायला सांगा. दिसलं तर मला फोटो पाठवा, हात मात्र लावू देऊ नका.

आता तुमच्या तीन तक्रारी. वास, रोग, चिकू.

वास येतो, खरंच येतो. पावसाळ्यात जास्त. त्यावर माझ्याकडं उपाय नाही. घराकडच्या बाजूच्या दोन फांद्या पिलं मोठी झाल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आसपास, उतरवल्या तर थोडा फरक पडेल.

रोगाची भीती 2018 मध्ये केरळात निपाह आल्यापासून गावोगाव आहे, आणि कोरोनापासून जास्तच. निपाहचा विषाणू या मोठ्या वाघळांत असतो, ते मी नाकारत नाही. म्हणून त्यांनी उष्टावलेलं फळ खायचं नाही, मेलेलं वाघूळ उघड्या हातानं उचलायचं नाही, झाडाखाली जनावरांची दावण नको. मात्र झाड तोडून ही भीती कमी होत नाही, वाढते. ऑस्ट्रेलियात निपाहचाच भाऊबंद असलेला हेंड्रा नावाचा विषाणू आहे. तिथल्या पंचवीस वर्षांच्या नोंदी तपासून 2022 मध्ये संशोधकांनी दाखवलं, की रानातली फुलोऱ्याची झाडं गेली, वाघळं उपाशी पडली, वस्तीजवळच्या शेतांत पांगली, आणि त्यानंतर विषाणू घोड्यांपर्यंत पोचायचं प्रमाण वाढलं. भुकेलं, हाकललेलं वाघूळ विषाणू जास्त टाकतं. एका जागी शांत लटकलेलं आपल्याला परवडतं.

चिकूचं बोलायचं तर तुम्ही फळ कच्चं, कडक असतानाच उतरवता; पिकतं ते अढीत. वाघळं खातात ती बहुतेक झाडावर राहून गेलेली. तरी राग येतो, मान्य. जाळी लावायची असेल तर बोटसुद्धा आत जाणार नाही अशी बारीक विणीची, पांढरी आणि ताणून बांधलेली लावा. बाजारात मिळते ती सैल नायलॉनची नको. तिच्यात पंख गुंततो, वाघूळ रात्रभर ओरडतं आणि सकाळी सोडवायला जाणाऱ्याला चावतं.

शिवाय हिशेब दुसऱ्या बाजूनंही मांडा. उंबर, वड, जांभूळ यांच्या बिया रात्रीतून लांबवर नेऊन टाकणारं दुसरं कोण आहे आपल्या उसाच्या पट्ट्यात? तरी 1972 च्या वन्यजीव कायद्यानं फळं खाणाऱ्या वाघळांना उंदीर-कावळ्यांच्या रांगेत उपद्रवी म्हणून बसवलं होतं. 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. आणि चिंच तोडायला परवानगी लागते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

ही गोष्ट एकट्या आपल्या चिंचेची असती तर मी इतकं लिहिलं नसतं. सराटीला नीरास्नान करून तुकोबांची पालखी अकलूजला येते, त्या वाटेवर रस्ता रुंद करताना जुनी झाडं किती गेली ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. नवीन लावलेली रोपं मोठी होतील, पण वाघळाला टेकता येईल एवढी व्हायला तुमच्या नातवाचं लग्न व्हावं लागेल. रस्ता वळवता येत नाही असंही नाही. सांगली जिल्ह्यात भोसे गावच्या जुन्या वडासाठी 2020 मध्ये महामार्गाची आखणी बदलली. इथं पुण्यातही एम्प्रेस गार्डनच्या जुन्या झाडांवर मोठी वाघळं आहेत, भर शहरात, कारण झाडं उंच आहेत, बागेतून पाणी वाहतं आणि कुणी त्यांना हलवत नाही. तमिळनाडूत मदुराईजवळ पुलियंगुलमला तर वाघळांचा वड गावाच्या देवाचा मानतात. आपल्याला एवढी भक्ती नको. नुसतं राहू दिलं तरी पुरे.

तेव्हा एवढंच करा: चिंचेचा सौदा त्या लाकूडवाल्याशी झाला असेल तर मोडा. इसार घेतला असेल तर तो परत द्यायचे पैसे मी पाठवते, आणि चिकूच्या जाळीचेही. जाळीसाठी झाडांचा घेर आणि उंची मोजून कळवा, इथून घेऊन येते. दिवाळीला मुलं येतील तेव्हा फटाके अंगणाच्या पुढच्या बाजूला, ओढ्याकडं नकोत. त्यांना मी सांगीनच, पण तुमचा आवाज चालतो.

काकूंना नमस्कार. गुडघ्याचं औषध वेळेवर घेतात का ते लिहा, फोनवर त्या खरं सांगत नाहीत.

तुमची पुतणी