मॉरिशसच्या घाटावर

मॉरिशसला जावे ही माझी व मुलांची हौस, आबांची नव्हे. चाळीस वर्षांच्या आडत व्यवसायात त्यांनी सलग सात दिवस पेढी कधी सोडली नव्हती. "समुद्र मुंबईलाही आहे," असे म्हणत, परंतु खाकऱ्यांचा डबा स्वतः तपासून, ते मे महिन्यात आमच्यासोबत निघाले.

आम्ही पूर्व किनाऱ्यावर बेल मार येथे उतरलो. मे महिन्यात तेथे हिवाळा सुरू होतो आणि आग्नेयेचे वारे थेट याच किनाऱ्यावर येतात, हे ज्ञान तेथे पोहोचल्यावर झाले! तीन दिवस वारा आणि सरी. मुले हिरमुसली. सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळे आणि हॉटेलातील भोजन सात वाजता. आबांच्या वाट्याला खाकराच. चौथ्या दिवशी कंटाळून आम्ही राजधानी पोर्ट लुईस गाठली.

बाजारात आबा प्रथम खुलले. तेथील नाणेही रुपयाच, आणि नोटेवर चक्क देवनागरी अक्षरे. डाळीचे सारण भरलेली 'धोल पुरी' म्हणजे पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण. लसणाचे कालवण नाकारून आबांनी नुसत्याच दोन खाल्ल्या. आमचे बोलणे ऐकून एका भाजीवाल्या बाईंनी विचारले, "मराठी?" त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडचे, गाव कोणते, ते घरात कोणालाच ठाऊक नाही. गणेश चतुर्थीला येथे सार्वजनिक सुट्टी असते, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला. "घाट पाहिलात?" त्यांनी विचारले.

आप्रवासी घाट बंदरालगतच आहे. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख करारबद्ध मजूर उसाच्या मळ्यांसाठी या बेटावर आले. त्यांतील बहुसंख्य हिंदुस्थानातले. २००६ मध्ये युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशाचा मान दिला. पाहण्यास तेथे फार नाही: काळ्या दगडाच्या पायऱ्या, काही भिंती. परंतु मजुरांच्या नोंदींविषयी ऐकताना आबा थबकले. क्रमांक, नाव, वय, गाव. "ही तर खतावणी," ते पुटपुटले. आरंभीचा करार पाच वर्षांचा, वेतन महिना पाच रुपये. विनापरवानगी एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचे वेतन कापले जाई.

"घरी कोणी आजारी असले तरी?" आबांनी विचारले. मजजवळ उत्तर नव्हते. ते बराच वेळ पायऱ्यांपाशी उभे राहिले.

रात्री त्यांनी धाकट्या भावाला फोन लावला. मला वाटले, बाजारभाव विचारतील. "फाल्गुनात आपल्या जुन्या हमालाची मुलगी दवाखान्यात होती," ते म्हणाले, "त्याचे किती दिवस कापले, वहीत पाहा. मीच कापायला सांगितले होते. उद्या सकाळी देऊन टाक."

दुसऱ्या दिवशी वारा पडला. आबा लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून मुलांसोबत पाण्यात उतरले. परतीच्या विमानाला अजून दोन दिवस होते. पेढीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.