ऑस्करचा निर्णय कोणाचा? एका जपानी प्रेमकथेचे पाठभेद

१/ १४ जुलै १७८९. पॅरिसमध्ये बॅस्टिलच्या तटाबाहेर जमाव अडून राहिला आहे. दुपारी राजाच्याच 'फ्रेंच गार्ड' पलटणीतील काही सैनिक तोफा घेऊन जमावाला मिळतात आणि लढाईचे पारडे फिरते. हा इतिहास. त्या सैनिकांच्या अग्रभागी पुरुषी गणवेशातील एक स्त्री सेनानी उभी आहे, ही मात्र कल्पना. १९७२ साली एका चोवीस वर्षांच्या जपानी तरुणीने चितारलेली.

२/ तिचे नाव रियोको इकेदा. 'बेरुसाइयु नो बारा', म्हणजे 'व्हर्सायचा गुलाब', ही तिची चित्रकथा १९७२-७३ मध्ये 'मार्गारेट' या मुलींच्या साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. आधार होता स्टेफान झ्वाइगने लिहिलेल्या मारी आंत्वानेतच्या चरित्राचा. मुलींच्या अंकात इतिहास चालेल, असा भरवसा संपादकांना नव्हता.

३/ मुलींसाठीच्या मांगाला जपानीत 'शोजो मांगा' म्हणतात. आरंभी तो बराचसा पुरुषांच्या हाती होता. ओसामु तेझुका यांची 'रिबन नो किशी' ही राजकन्येची कथा १९५३ची. सत्तरच्या दशकात मोतो हागिओ, केको ताकेमिया, इकेदा अशा युद्धानंतर वाढलेल्या स्त्रियांनी तो आपल्या हाती घेतला. विद्यापीठांतील विद्यार्थी आंदोलने याच पिढीने जवळून पाहिली होती. क्रांती हा शब्द तिला पुस्तकी नव्हता.

४/ कथेची नायिका ऑस्कर ही सरदारकन्या. वारस हवा म्हणून पित्याने तिला मुलासारखे वाढवलेले. ती राणीची रक्षक होते, पुढे स्वतः मागून फ्रेंच गार्डमध्ये जाते. तिचे प्रेम जडते आंद्रेवर, घरच्या दाईच्या नातवावर. अखेर सैन्याने जनतेवर चाल करावी की नाही, हा प्रश्न समोर येतो. मांगात ती मानचिन्हे उतरवते, सरदारकी सोडते आणि जनतेच्या बाजूला जाते. प्रेम सोबतीला आहे. पण निर्णय तिचा आहे. आंद्रे आदल्या दिवशी मरतो, ती बॅस्टिलसमोर.

५/ १९७४ मध्ये, सर्व भूमिका स्त्रियाच करतात अशा ताकाराझुका नाट्यसंस्थेने ही कथा रंगमंचावर आणली. १९७९ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक जाक देमी यांचा 'लेडी ऑस्कर' आला. त्यात बॅस्टिल पडते, पण ऑस्कर मरत नाही. जल्लोषाच्या गर्दीत ती आंद्रेला हाका मारत फिरते. क्रांती मागे सरते, विरह उरतो.

६/ त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर चाळीस भागांची अ‍ॅनिमे मालिका सुरू झाली. ओसामु देझाकी यांनी मधूनच दिग्दर्शन हाती घेतले. चित्रण विलक्षण देखणे. पण निर्णायक क्षणी ऑस्कर सैनिकांना सांगते की, मी आंद्रेच्या मागोमाग जाईन. कृती तीच, मृत्यूचा दिवसही तोच. बदलला तो एवढाच भाग: ठरवले कोणी?

७/ बखर वाचताना आपण शिकतो की ती ज्या काळाविषयी सांगते त्याहून, ज्या काळात लिहिली गेली त्याची साक्ष अधिक खात्रीने देते. रूपांतरांचेही तसेच. १७८९ विषयी ती फारसे सांगणार नाहीत. पण अवघ्या सात वर्षांत एका स्त्रीचा राजकीय निर्णय प्रेमाच्या स्वाधीन कसा झाला, हे त्यांच्या पाठभेदांतून स्वच्छ दिसते.

८/ हे मला इतके का खुपते? इतिहासात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे मी ठरवले, तेव्हा ओळखीच्यांनी कारण विचारले नाही. "हे कोणी डोक्यात भरवले?" असे विचारले. एखादे सर असतील, एखादा मित्र असेल. कोणीच नव्हते, हे उत्तर कोणाला पटेना. मुलीच्या निर्णयामागे पुरुष शोधण्याची ही सवय मला पुढे साधनांतही दिसू लागली: राजकारण करणाऱ्या राण्यांच्या वर्णनांत सल्लागार आधी येतो, राणी मागून.

९/ २०२५ मध्ये या कथेचा नवा, गीतांनी भरलेला अ‍ॅनिमेशनपट आला आहे. तो जरूर पाहा. मात्र जमल्यास आधी मांगा वाचा. मग प्रत्येक आवृत्तीत तोच एक क्षण शोधा आणि 'निर्णय' या क्रियेचा कर्ता कोण, ते तपासा. पुढच्या वेळी एखादी बखर उघडाल, तेव्हाही हीच सवय कामी येईल.