घरापर्यंत पोचणारी शिक्षा

लष्करी शिक्षा कायद्याने एकट्या जवानाला होते, पण ती भोगते सगळे घर. भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यात फौजेची नोकरी मुळात एकट्याची नसतेच. पवनी, लाखांदूर, साकोलीकडे एका धानाच्या पिकावर नि तलावाच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात ठरल्या तारखेला येणारा पैसा म्हणजे जवानाचा पगार. रोवणीची मजुरी, बहिणीचे लग्न, धाकट्याचे आयटीआय, सगळे त्याच्यावर. शिवाय थोरला फौजेत गेला की धाकटाही पहाटे तलावाच्या पाळीवर धावायला लागतो. सोळाशे मीटरची वेळ मोजून घेतो, केस बारीक ठेवतो. गाव त्याला नावाने न ओळखता ‘फौजीचा भाऊ’ म्हणून ओळखते.

नामुष्कीची पहिली खबर बहुधा पोलीस आणतात. सुट्टी संपूनही जवान पलटणीत परतला नाही, तर कमांडिंग ऑफिसर त्याच्या जिल्ह्याच्या प्रशासनाला आणि पोलिसांना लेखी कळवतो. सैन्य अधिनियम 1950 च्या कलम 105 मध्ये ही तरतूद आहे. तीस दिवस विनापरवानगी गैरहजेरी झाली की कलम 106 खाली चौकशी बसते आणि त्याला पळपुटा ठरवता येते. ठाण्याचा शिपाई दारात येऊन ‘तुमचा पोरगा कुठं आहे?’ एवढेच विचारतो. पण ते शेजारी ऐकतात, आणि पलटणीतली चौकशी पुरी व्हायच्या आधीच गावाचा निकाल लागलेला असतो. ‘भगोडा’ हा एकच शब्द पानठेल्यावर पुरतो. सुट्टीवरून चार दिवस उशिरा जाणे, पळून जाणे, सेवेच्या नोंदीतल्या शिक्षांच्या लाल शेऱ्यांमुळे सेवामुक्त होणे आणि कोर्ट मार्शलने बडतर्फ होणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या घरालाही कोणी सांगितलेले नसते.

फरक मोठा आहे. सेवामुक्त झालेल्याची पंधरा वर्षांची सेवा पुरी असेल, तर त्याचे निवृत्तिवेतन सहसा टिकते. बडतर्फ झालेल्याचा त्यावरचा हक्क जातो. अपवाद करणे राष्ट्रपतींच्या मर्जीवर राहते. कॅन्टीनचे कार्ड, लष्करी दवाखान्यातले उपचार, माजी सैनिक ही ओळख, सगळेच सुटते. शिक्षेच्या आदेशात बायको, आईवडील, भावंडे यांचा उल्लेखही नसतो, पण त्या आदेशाने घराचे महिन्याचे गणित मोडते.

महाराष्ट्रात याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण धुळे जिल्ह्यातल्या बोरविहीरचे. 37 राष्ट्रीय रायफल्सचे जवान चंदू चव्हाण 29 सप्टेंबर 2016 रोजी, सर्जिकल स्ट्राइकनंतर काही तासांतच, नियंत्रण रेषेपलीकडे पाकिस्तानी सैन्याच्या हाती सापडले. भारतीय लष्कराच्या म्हणण्यानुसार त्यांनी चुकून रेषा ओलांडली. वरिष्ठांवर नाराज होऊन ते स्वतःहून आले, असा पाकिस्तानचा दावा. आईवडिलांमागे त्यांना वाढवणारी आजी ही बातमी ऐकून धक्क्याने गेली. थोरला भाऊही सैन्यातच. धाकट्यावर संशय घेतला जात असताना थोरल्याला अंगावर तीच वर्दी चढवायची होती. 21 जानेवारी 2017 रोजी चंदू वाघा सीमेवरून परतले. धुळ्याचेच खासदार सुभाष भामरे तेव्हा संरक्षण राज्यमंत्री होते, तरीही वरिष्ठांना न कळवता ठाणे सोडल्याबद्दल कोर्ट मार्शल झाले आणि दोन महिने एकोणतीस दिवसांची कैद सुनावली गेली. शिस्तीचे पारडे जड ठेवणे लष्कराला भागच असते. पण त्या आजीचा मृत्यू कोणत्याच शिक्षेच्या हिशेबात आला नाही, हेही तितकेच खरे.

घरातल्या धाकट्या भावंडांचे नुकसान अर्धे खरे असते, अर्धे समजुतीचे. युनिट मुख्यालय कोट्याच्या भरतीत सेवेतल्या जवानांच्या आणि माजी सैनिकांच्या मुलांना व सख्ख्या भावांना संधी असते. बडतर्फ माणूस माजी सैनिक ठरत नाही, म्हणून हा दरवाजा धाकट्याला खरोखरच बंद होतो. खुली भरती मात्र बंद होत नाही. चारित्र्य पडताळणीत उमेदवाराची स्वतःची नोंद तपासली जाते, आणि संविधानाच्या अनुच्छेद 16 प्रमाणे वंशावरून सरकारी नोकरीत भेदभाव करता येत नाही. एवढे माहीत नसल्यामुळे कित्येक पोरे आपणहूनच धावणे सोडत असतील. ‘आपल्याला कोण घेणार’ असे घरातच ठरून जाते. बहिणीला यातून सुटण्याची तेवढीही वाट नसते, कारण पाहुणे न येण्याविरुद्ध अर्ज करता येत नाही.

दाद मागण्याची सोय आहे. कोर्ट मार्शलच्या निकालाविरुद्ध कलम 164 खाली अर्ज करता येतो, आणि पुढे 2007 च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येते. महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये वीरेंद्रकुमार दुबे प्रकरणात स्पष्ट केले, की केवळ चार लाल शेरे जमले म्हणून चौकशीशिवाय जवानाला घरी पाठवता येत नाही. न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदत सहसा सहा महिन्यांची. नेमके हेच महिने घर लोकांना तोंड चुकवण्यात घालवते. भंडाऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी चढायला बाप लाजतो. कागद गोळा करणे, वकील गाठणे, मुंबईच्या खेपा घालणे हे काम मग बहुधा त्याच धाकट्या भावाच्या वाट्याला येते.