पिकअप

‘गाडी पिकअप घेत नाही’ हे वाक्य बुलढाणा जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मलकापूर असो, मेहकर असो की खामगाव, गॅरेजसमोर गाडी उभी करायची आणि एवढं बोलायचं. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात याला त्वरण म्हणतात. पण मिस्त्रीपुढे ‘त्वरण कमी झालंय’ म्हणून पाहा, तो आधी तुमच्या तोंडाकडे पाहील.

यंदा हे वाक्य आमच्या घरात एका विचित्र गाडीसाठी बोललं गेलं. चिखलीला राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या घरी, दुल्हाभाईंनी आठ वर्षांच्या भाच्यासाठी जुनी क्वाड बाईक विकत घेतली. चार जाड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, 49 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, गिअर नाही, दोरी ओढून चालू करायची, अंगठ्याने रेस द्यायची. आधीचा मालक जत्रांमध्ये लहान मुलांना तिच्यावर बसवून गोल फेऱ्या मारायला लावायचा. शेतातल्या शेडमध्ये ती महिनाभर उभी होती, आणि सोयाबीनच्या मळणीत खळ्यावर भाच्याने तिच्या थोड्याफार फेऱ्या मारल्या. मग तक्रार सुरू झाली. रेस दिली की घुं घुं आवाज येतो, पण गाडी मुंगीच्या पावलाने चालते. पोराचं तोंड एवढंसं झालं. मी त्या आठवड्यात तिथेच होतो, म्हणून गाडी टेम्पोत टाकून गॅरेजला न्यायचं काम माझ्याकडे आलं.

गॅरेजवाले चाचा साठीच्या पुढचे. त्यांची सगळी जवानी लूनावर गेली. 1972 साली कायनेटिक इंजिनीअरिंगने आणलेली ती 50 सीसीची लूना आमच्याकडे मास्तरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी चालवली, पेडल मारत चालू केली, चढावर पेडल मारत ढकललीही. चाचांनी क्वाडभोवती एक चक्कर मारली, वाकून इंजिन पाहिलं आणि म्हणाले, “ये तो लूना की औलाद है.” त्यांच्या हाताखालच्या पोरांनी टू-स्ट्रोक इंजिन फारसं उघडलेलंच नव्हतं, म्हणून त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमानांचं प्रमाण पगारी नोकरीत कमी आणि स्वयंरोजगारात जास्त असल्याचं आकड्यांनिशी मांडलं आहे. ते आकडे वाचताना मला अशीच गॅरेजं आठवतात. उस्ताद आणि शागिर्द, मधे एक उघडलेलं इंजिन, आणि सगळी विद्या तोंडी.

मला वाटलं होतं, चाचा सरळ कार्बोरेटरला हात घालतील. त्यांनी आधी हँडलजवळची एक तुटकी वायर पाहिली. अशा गाड्यांना एक दोरी असते. तिचं एक टोक गाडीच्या स्विचला आणि दुसरं मुलाच्या मनगटाला किंवा मागे चालणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातात. दोरी निघाली की इंजिन बंद. जत्रेवाल्याने ती वायर तोडून टाकली होती, बहुधा पोरं सारखी दोरी ओढून गाडी बंद पाडत असतील. चाचांनी पहिला अर्धा तास त्यातच घातला. मग रेसची केबल काढून तेल सोडलं आणि अंगठा सोडताच ती खटकन मागे येते का हे दहा वेळा पाहिलं. दुल्हाभाई घाईला आले होते. चाचा एवढंच बोलले, “पहले रुकने दो, फिर भागने दो.”

त्यानंतर इंजिन बंद ठेवून गाडी हाताने ढकलली. ती जड चालत होती. मागचा ब्रेक चिकटून चाकाला धरून ठेवत होता आणि चेन कोरडी, वर ताणलेली. म्हणजे इंजिनाची निम्मी ताकद आपल्याच ब्रेकशी भांडण्यात जात होती. चेन बोटभर हलेल इतकी सैल केली, ब्रेक मोकळा केला, टायरमध्ये हवा भरली.

मग त्यांनी पोरांना कान द्यायला सांगितलं. इंजिन जोरात ओरडतंय आणि गाडी मात्र सरकत नाही, असं असेल तर दोष क्लचचा. या गाडीत क्लच हाताने दाबायचा नसतो. इंजिन वेगात फिरलं की आतले लायनर बाहेर फेकले जातात आणि भांड्याला घासून चाक फिरवतात. ते झिजले की नुसता आवाज. पण इंजिनच गुदमरत असेल, आवाज चढतच नसेल, तर हवा, पेट्रोल, ठिणगी किंवा धूर, या चारांपैकी कुठेतरी अडलंय. आमची गाडी गुदमरत होती.

एअर फिल्टर काढला तेव्हा सगळे हसले. स्पंजमध्ये सोयाबीनचा भुस्सा आणि काळ्या मातीची धूळ अशी बसली होती की त्यात बी पेरलं असतं तर उगवलं असतं. साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, दोन थेंब तेल चोळून तो परत बसवला. प्लग काळा आणि ओला निघाला. टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून ठेवलं तर तळाशी वेगळा थर दिसला. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात. रोज चालणाऱ्या मोटारसायकलला हे जाणवत नाही. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या खेळण्याला जाणवतं. त्यात टू-टी ऑइल अंदाजाने ओतलेलं. या इंजिनाला लिटरमागे 40 मिली पुरतं. ‘जास्त तेल म्हणजे जास्त काळजी’ हा समज लूनाच्या काळापासूनचा आहे, आणि त्या जास्तीच्या तेलाचा कार्बन होऊन सायलेन्सरमध्ये बसतो. कार्बोरेटरचे जेट चाचांनी हवेने फुंकून साफ केले. एका पोराने तार पुढे केली तर त्याच्या हातावर चापट बसली. तारेने छिद्र मोठं होतं आणि मग गाडी जन्मभर पेट्रोल पिते.

सायलेन्सर खरवडून बसवला, ताजं पेट्रोल ओतलं, दोरी ओढली. आवाज पार बदलला होता. गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत गाडी अशी सुटली की मागे धावणाऱ्या पोराची चप्पल मागेच राहिली.

आता खरा वाद. अंगठ्याच्या रेसखाली एक छोटा स्क्रू असतो. तो आत फिरवला की रेस अर्ध्यावरच अडते. कारखान्यात तो मुद्दाम दिलेला असतो, म्हणजे आईबापांना वेग ठरवता यावा. जत्रेवाल्याने तो पार आत घुसवला होता, पाचशे रुपयांची माझी पैज लावतो की त्याच्या गोल फेऱ्या त्याच्यामुळेच धड चालल्या. दुल्हाभाई म्हणाले, पूर्ण खोलून टाका. भाचा तर टाचांवर नाचत होता. चाचांनी दोन आटे सोडले आणि पाना खिशात ठेवला.

मी चाचांच्या बाजूने बोललो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सोळा वर्षांखालच्या मुलांनी अशा गाड्या चालवूच नयेत, असं सांगितलं आहे. आपल्याकडे 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. दुल्हाभाई म्हणाले, आपण कुठे रस्त्यावर नेणार आहोत? पण त्यांच्या शेताचा बांध आणि चिखलीचा रस्ता यांच्यामध्ये फक्त एक नाली आहे, आणि हे त्यांनाही माहीत आहे. कचरा, पाणी, कार्बन, चिकटलेला ब्रेक, यांनी आलेला मंदपणा काढायलाच हवा होता. स्क्रूचा मंदपणा कुणीतरी विचार करून दिलेला आहे, आणि पोराची उंची वाढेपर्यंत तो तिथेच राहिलेला बरा, असं मी सांगितलं. ते गप्प बसले. पटलं की नाही, कळलं नाही.

चाचांनी मात्र बहिणीला फोन लावायला सांगितला. “बेटा, घर में नेलपॉलिश है क्या?” संध्याकाळी गाडी घरी उतरवली तेव्हा ते स्वतः स्कूटीवर मागे आले, आणि लाल नेलपॉलिशचा एक ठिपका स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या प्लास्टिकवर मिळून लावला. कुणी स्क्रू फिरवला तर ठिपका तुटेल. मग त्यांनी बहिणीला दाखवलं, रोज कुठे पाहायचं ते.